माईक बंद पडला तेव्हा: एका कॅथलिक शाळेतल्या संगीतगटांचं प्रकरण

डिसेंबर २०२३, स्पोर्ट्स डे. मार्च पास्ट झाला, मशाल फिरली आणि शाळेचं गीत सुरू झालं. दुसऱ्या ओळीवर वीज गेली आणि स्पीकरबरोबर गाणंही गेलं. मंचावर क्वायरची, म्हणजे शाळेच्या गायनवृंदाची, तीसेक मुलं गातच होती, पण त्यांचा आवाज मैदानाच्या मध्यापर्यंतही पोचत नव्हता. रांगांत उभी असलेली नऊशेच्या वर मुलं गप्प होती. शिपाई मामांनी जनरेटर चालू करेपर्यंत पाऊण मिनिट गेलं असेल, तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरच्या रिक्षाचा हॉर्न सगळ्यांना ऐकू आला.

संध्याकाळी प्राचार्य फादरांनी बोलावून घेतलं. "मॅडम, मुलांत स्कूल स्पिरिट राहिलेलं नाही. गाणं हा तुमचा विषय. तुम्ही बघा."

शाळा पुण्याच्या कॅम्प भागातली, दगडी, जुनी, इंग्रजी माध्यमाची, राज्य मंडळाची. नाव देत नाही, कारण पुढे जे लिहिलं आहे त्यात शाळेच्या चुका आहेत आणि माझ्याही. मी तिथली अर्धवेळ संगीतशिक्षिका. नारायण पेठेत वाढले, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीतपरीक्षा दिल्या, हातात पेटी. कॅथलिक शाळेत मला का घेतलं, हे पहिले दोन महिने मलाच कळत नव्हतं.

'स्कूल स्पिरिट'ला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. 'शाळेचा अभिमान' म्हटलं की पारितोषिक वितरणाचं भाषण आठवतं, 'जोश' म्हटलं की क्रिकेट. मुलं म्हणतात, "मिस, फील येत नाही." मी पुढे मनात हाच शब्द धरून काम केलं.

गट कोणते होते

कागदावर शाळेत संगीताची रेलचेल होती. क्वायर सिस्टरांच्या हाताखाली, मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत चॅपेलमध्ये सराव. त्यात बहुतेक गोवेकर, मंगळुरी, तमिळ आणि मराठी कॅथलिक घरांतली मुलं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारचा मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी), रोजची असेंब्ली, नाताळ, सगळं त्यांच्याकडे. दुसरा मार्चिंग बँड: साइड ड्रम, बेस ड्रम, बिगुल, झांजा. तो सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेल्या सुभेदारसाहेबांच्या ताब्यात. दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात असल्यामुळे असे मास्तर इथल्या शाळांना अजून मिळतात, हे पुण्याचं भाग्य. तिसरा दहावीतल्या पाच जणांचा गिटार-ड्रमचा बँड, जो फक्त गॅदरिंगला दिसायचा आणि तेव्हा खूप मोठ्याने दिसायचा. चौथा माझा: पेटी-तबल्यावर गांधर्वच्या परीक्षांची तयारी करणारी सात मुलं. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक पाठवत. आमची आठवण शाळेला वर्षातून एकदा, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला यायची.

पाचवा गट शाळेच्या कुठल्याच वहीत नव्हता. आठवी-नववीची पंधरा-वीस मुलं जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांच्या सरावाला जायची. सकाळी वर्गात बाकावर टिपऱ्यासारखी पट्टी वाजवायची आणि त्याबद्दल डायरीत शेरा घ्यायची.

म्हणजे वाजवणारी-गाणारी मुलं शंभरेक. उरलेली आठशे ऐकणारी, म्हणजे खरं तर वाट पाहणारी: संपेल कधी.

निदान, आधी चुकीचं

स्टाफरूमने निदान माझ्याआधीच केलं होतं. शाळेत कॅथलिक मुलं अल्पसंख्य, बहुसंख्य हिंदू, बरीच मुस्लिम, काही शीख आणि पारशी. गीताच्या तिसऱ्या कडव्यात मेरीमातेला प्रार्थना आहे. तेव्हा बाकीची मुलं गात नाहीत, कारण त्यांना ते आपलं वाटत नाही. हे इतकं पटण्याजोगं होतं की मीही मान डोलावली. एका शिक्षकांनी तर न गाणाऱ्यांच्या डायरीत शेरा मारण्याचा प्रस्ताव आणला.

तो प्रस्ताव फादरांनी जागीच मोडला, आणि ज्या कारणाने मोडला ते लिहून ठेवण्याजोगं आहे. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर केरळमधल्या तीन भावंडांचं प्रकरण आलं होतं. यहोवा विटनेस पंथाची ही मुलं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेने त्यांना काढलं. न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. फादर म्हणाले, "राष्ट्रगीताला जर सक्ती चालत नाही, तर आपल्या गाण्याची काय कथा?" त्यातच संविधानाचं कलम २८(३): मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतल्या अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. अल्पसंख्याक संस्था चालवणाऱ्या माणसाला हे पाठ असावं लागतं, असंही ते हसून म्हणाले.

मग जानेवारीत मी दोन आठवडे असेंब्लीत मंचाजवळ न थांबता रांगांमधून फिरले. गीत चालू असताना मुलांच्या खांद्याशी कान नेऊन. मुलं आधी बिचकली, नंतर विसरली.

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की क्वायरमध्ये नसलेली कॅथलिक मुलंही गात नव्हती. धर्माचं निदान तिथेच लंगडं पडलं. आठवीतली एक मुस्लिम मुलगी मात्र तिसऱ्या कडव्यासकट सगळं गीत पुटपुटत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला पाठ आहे मिस, पण वर जातं तिथे आवाज फाटतो. मग सगळे बघतात."

दुसरी गोष्ट माझ्याच गटातल्या नववीच्या मुलाने सांगितली. त्याचा आवाज फुटत होता. रियाजात तो दर पंधरा दिवसांनी पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा', बदलून मागायचा. "मिस, शाळेचं गीत काळी दोनमध्ये आहे. मला आता पांढरी एकसुद्धा झेपत नाही."

'काळी दोन' म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी 'सा' धरून गायचं. मी पेटीवर बसून पाहिलं. गीताची चाल मध्य सप्तकातल्या षड्जापासून (सा) तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'पर्यंत, जाते. काळी दोनला तो गंधार म्हणजे वरच्या सप्तकातली पांढरी पाच. क्वायरच्या सरावलेल्या मुलींना ती जागा शोभून दिसते. बाकी कोणालाही ती गाठायची तर ओरडावं लागतं, आणि चौदा वर्षांचा मुलगा सगळ्यांसमोर आवाज फाटून घेण्यापेक्षा जन्मभर मुका राहील. शाळा पूर्वी फक्त मुलांची होती. बालसुरातल्या क्वायरसाठी बेतलेली पट्टी कीबोर्डवर तशीच चालत आली होती. पंचवीस वर्षं तरी कोणी ती बदलून पाहिली नव्हती, मी धरून.

तिसरी गोष्ट शब्दांची. मी आठवीच्या दोन तुकड्यांना गीत न बघता लिहायला सांगितलं. पहिलं कडवं बऱ्यापैकी, दुसऱ्याला गळती, तिसरं कोरं. 'आल्मा माटेर' (पोषण करणारी माता, म्हणजे आपली शाळा) या लॅटिन शब्दांच्या जागी एकाने मनापासून 'आलू मटर' लिहिलं होतं. पाचवीपासून तो तेच म्हणत आला होता आणि शाळेचा डब्याशी काय संबंध, असा प्रश्न त्याला पडला नव्हता. मी तो कागद फादरांना दाखवला. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "म्हणजे चार वर्षांत आपण त्याला अर्थ सांगितलाच नाही."

चौथी गोष्ट माईकची. क्वायरसमोर चार माईक. माईक ज्याच्यासमोर, गाणं त्याचं. नववीतल्या एका मुलाने साध्या आवाजात सांगितलं, "ते गातात ना, मिस." त्यात राग नव्हता. घंटा मामा वाजवतात, गीत क्वायर गाते, अशी वाटणी.

पट्टी उतरवताना

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी सुचवलेलं एवढंच होतं: गीत काळी दोनवरून खाली पांढरी सातला आणायचं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या खाली. कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण असतं, चार वेळा दाबायचं. तार गंधार वरच्या काळी दोनवर येतो. आवाज फुटलेली मुलं एक सप्तक खाली आरामात गातात. दर सोमवारी एक कडवं, अर्थासह, वर्गात.

सिस्टरांनी विरोध केला आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "मॅडम, पांढरी सातला क्वायरचा उजेड जातो." जातोच. पांढरी सातला त्या मुलींचा आवाज घसरून झाकोळतो, मीही ऐकला आहे. आम्ही दोघी चॅपेलमध्ये पेटी आणि कीबोर्ड समोरासमोर ठेवून एक दुपारभर भांडलो, म्हणजे शिक्षिका भांडतात तशा, फार आदराने.

त्या भांडणात सिस्टरांचं गाव निघालं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं. तिथल्या चर्चमध्ये लहानपणी मिस्साला ढोलकी, टाळ, पेटी असायची आणि सगळं गाव मराठीत गायचं. "तिथे क्वायर कुठे बसायची?" मी विचारलं. सिस्टर थांबल्या. "क्वायर नव्हतीच. चार बायका होत्या, चार कोपऱ्यांत. त्यांनी उचललं की सगळे उचलायचे."

पुढच्या आठवड्यात सिस्टरांनी स्वतःच क्वायर मंचावरून उतरवली. तीस मुलं आपापल्या वर्गाच्या रांगांत, प्रत्येक रांगेत एक किंवा दोन. माईक एकच, तोही पहिल्या ओळीपुरता. माझ्या साऱ्या पट्टीशास्त्रापेक्षा हे पाऊल मोठं होतं आणि ते माझं नव्हतं. शेजारचा आवाज उघडपणे गातोय म्हटल्यावर आपला फाटलेला आवाज लपतो. गर्दीत गाण्याचा सगळा फायदा तो, आणि मंचावरची क्वायर नेमका तोच काढून घेत होती.

जुलैअखेर असेंब्लीतलं गीत बरंच भरलं. सुंदर नव्हे. रांगा एकमेकींच्या पुढेमागे व्हायच्या, सहावी धावायची, दहावी ओढायची. पण १५ ऑगस्टला, ज्या दिवशी स्वातंत्र्यदिन आणि कॅथलिक पंचांगातला मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण एकत्र येतात, दोन पालकांनी मला विचारलं, "मॅडम, यंदा नवीन गीत आहे का?"

ढोल

यात ढोल मी आणला नाही. तो सप्टेंबरात आपणहून आला. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि मेरीमातेचा जन्मदिवस दुसऱ्याच दिवशी. नववीतली एक मुलगी, घर गोवेकर कॅथलिक, शनिवारी पथकात ताशा वाजवून रविवारी सकाळी फुलं घेऊन चर्चला गेली होती. सोमवारी तिचे हात सुजलेले. तिला आणि आणखी सहा जणांना घेऊन मुलांचं शिष्टमंडळ फादरांकडे गेलं: स्पोर्ट्स डेला ढोल वाजवू द्या.

स्टाफरूम तापली. "ही शाळा आहे की मंडळ?" हे एका टोकाला. दुसऱ्या टोकाला, "पुण्यात राहून ढोल नको म्हणायचं?" एका ज्येष्ठ शिक्षिकेचा मुद्दा वेगळा होता, ढोलाचं चर्चच्या आवारात काय काम.

फादरांना या विषयात फारच रस निघाला. त्यांनी सांगितलं, की १९०३ साली पोप दहावे पायस यांच्या आदेशाने चर्चमध्ये पियानो, ढोल, झांजा यांना बंदी होती, बँडलाही. साठ वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने ऑर्गनचा मान राखला, पण त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावं असं म्हटलं आणि उपासनेला साजेशी इतर वाद्यंही मोकळी केली. सिस्टरांच्या गावची ढोलकी त्या दारातून आत आली. "पण हे सगळं चॅपेलपुरतं आहे," फादर म्हणाले. "मैदानाला व्हॅटिकनची परवानगी लागत नाही, शेजाऱ्यांची लागते." वर त्यांनी क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची आठवण करून दिली: पेशव्यांच्या फौजेतल्या गोवेकर ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये दिलेली जागा. ढोल-नगारा त्या शिपायांना परका नसणार, हा माझा अंदाज, फादरांचा नाही.

शेजाऱ्यांचा मुद्दा मात्र खरा होता. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार शाळेभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र धरता येतात आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. शाळेच्याच मैदानात ढोल वाजवून शाळेचंच शांतता क्षेत्र मोडायचं, हा विनोद कोणालाही सुटला नाही. मुलांनी तीस ढोल मागितले होते. फादरांनी आठ ढोल, दोन ताशे, एक झांज, दहा मिनिटं, सकाळी साडेनऊनंतर, असं ठरवलं. पथकातला धातूचा मोठा टोल नाही. आजूबाजूच्या चार सोसायट्यांना पत्र गेलं.

अडलं ते सुभेदारसाहेबांपाशी. मार्च पास्टला मिनिटाला १२० पावलं, एकही कमी-जास्त नाही. ढोलाचा ठेका संथ सुरू होतो आणि चढत जातो, त्याशिवाय त्याला मजाच नाही. "मॅडम, पाय कोणाचं ऐकतील? मुलं पळत सुटतील." दोन सराव एकत्र घेऊन पाहिले आणि खरंच चौथ्या मिनिटाला यलो हाउस पळत सुटलं. तेव्हा ठरलं: मार्च पास्ट बँडचा. चारही हाउस जागेवर उभे राहिले की ढोल. बेस ड्रमवाल्या मुलाने मात्र ढोलात उभं राहण्याचा हट्ट धरला आणि सुभेदारसाहेबांनी तो पुरवला. शेवटच्या सरावाला ते स्वतः ताशाच्या तर्रीकडे बराच वेळ कान देऊन उभे होते. नंतर म्हणाले, "पोरीची मनगटं साइड ड्रमला हवी होती, इथे वाया चालली आहेत." यापेक्षा मोठं कौतुक त्यांनी कधी कोणाचं केल्याचं मला माहीत नाही.

डिसेंबर २०२४

गीत पांढरी सातमध्ये, माईक पहिल्या ओळीनंतर मामांनी मुद्दाम बंद केला. या वेळी रिक्षा ऐकू आली नाही. दुसऱ्या कडव्यात सहावी अर्धी ओळ पुढे निघून गेली आणि संपूर्ण मैदानाने थांबून तिला परत घेतलं. कसं, ते मला अजून सांगता येत नाही. तिसऱ्या कडव्याला काही मुलं गप्प उभी राहिली. तसं राहायला मोकळीक आहे हे सोमवारच्या तासाला आम्ही सांगितलं होतं. आवाज कमी झाला, तुटला नाही.

मग ढोल. दहा मिनिटांची सोळा झाली. फोनवरच्या मीटरचा आकडा नव्वदीच्या वर होता. पुढे बसवलेल्या पाचवीतल्या मुलांनी कानात बोटं घातली, दोघं रडली. त्यांना मागे बसवायचं मला सुचायला हवं होतं. संगीतशिक्षिका म्हणून मिरवायचं आणि लहान कानांचा विचार करायचा नाही, ही सरळ माझी चूक. चढत्या ठेक्यावर हाउसांच्या घोषणा सुरू झाल्या, त्यातली एक रेड हाउसला लागली, आणि पाण्याच्या टाकीमागे सहा जणांची झोंबाझोंबी झाली. 'फील' हवा म्हणून आम्ही वर्षभर झटत होतो. तो आल्यावर त्याचं काय करायचं, याची तयारी कोणाचीच नव्हती.

क्वायरमधल्या दोन मुलींनी जानेवारीत नाव काढून घेतलं. एकीच्या आईने येऊन स्पष्ट सांगितलं: "माझ्या मुलीने चार वर्षं सराव केला, आणि आता ती रांगेत कोणाच्या तरी शेजारी उभी राहून गाते. तिला कोण ऐकणार?" सिस्टरांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. क्वायरला मिस्साला आणि नाताळाला तिची मूळ पट्टी, काळी दोनसकट, परत दिली. दोघींपैकी एक परतली.

पालकांची दोन पत्रं आली. एका कॅथलिक पालकांना ढोल हिंदू सणाचा म्हणून नको होता. एका हिंदू पालकांना तो देवापुढे वाजवायचा असतो म्हणून धावण्याच्या शर्यतीपुढे नको होता. फादरांनी दोघांना चहाला एकाच वेळी बोलावलं. त्यातून काय निघालं ते मला कळलं नाही, पण तिसरं पत्र आलं नाही.

मी या कामाचं मोजमाप काही ठेवलं नव्हतं, तेव्हा आकडे देऊ शकत नाही. जानेवारीत पुन्हा तोच कागदाचा प्रयोग केला, आठवीच्याच तुकड्यांवर. तिसरं कडवं निम्म्यांनी तरी लिहिलं. 'आलू मटर' एकाचंच होतं, आणि ते त्याने मुद्दाम लिहिलं असावं, कारण खाली डबा काढला होता.

मे महिन्यात फादरांची बदली झाली, कॅथलिक शाळांत होते तशी. नवे फादर शांत आहेत, अजून काही म्हणालेले नाहीत. माझ्या सात जणांचे आता अकरा झाले, त्यातले तिघं क्वायरमधून आलेले आणि चौथी ताशावाली. कीबोर्डची एक अडचण आहे. वीज बंद करून चालू केला की ट्रान्सपोज विसरतो आणि परत काळी दोनला जातो. जूनच्या पहिल्या असेंब्लीला तसंच झालं. वाजवणाऱ्या मुलाच्या लक्षात आलं नाही, पण पहिल्या ओळीलाच दहावीच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, चार खाली!" आता बटणाशेजारी चिकटपट्टीवर 'उणे चार' लिहून ठेवलं आहे. ढोल पीटीच्या खोलीत आहेत, दोऱ्या सैल करून. दोन ढोलांची पानं फाटली आहेत आणि ती कोणत्या खात्यातून बदलायची, खेळाच्या की संगीताच्या, यावर अकाउंट्सच्या बाईंचं आणि माझं अजून चालू आहे.